गुऱ्हाळामागची एफसी-१५०

मामांची महिंद्रा एफसी-१५० पिकअप आमच्या गुऱ्हाळामागं २१ वर्षं उभी होती. चारही टायर मातीत रुतलेले, हौद्याच्या फटीतून बाभूळ वर आलेली, केबिनमध्ये गांधीलमाशांची पोळी. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबांच्या लेथवर वाढले, म्हणून गाडी भंगारात घालायची म्हटल्यावर मीच आडवी पडले. ती रस्त्यावर यायला अडीच वर्षं लागली.

उभ्या गाडीचं २१ वर्षांत होत नाही तेवढं नुकसान तिला सुरू करायच्या पहिल्या दिवशी होतं, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. मामेभावानं उत्साहात ट्रॅक्टरची बॅटरी जोडून स्टार्टर दिला. इंजिन अर्धा फेरा फिरून थांबलं. आत एक इनलेट व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारा) गाइडमध्ये, म्हणजे त्याच्या नळीत, धरला होता, त्याचा पुशरॉड, म्हणजे त्याला ढकलणारी दांडी, वाकला. चार दिवस धीर धरला असता तर तो वाचला असता. तेव्हा बॅटरी घरातच ठेवा.

त्याआधी कागद बघा. चासी नंबर आणि इंजिन नंबर घासून स्वच्छ करा, आरसी बुकाशी ताडून बघा. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण व्हिंटेज गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, धंद्यालाही वापरता येत नाही. म्हणून गाडी कशासाठी हवी ते आधी ठरवा आणि आरटीओत विचारूनच खर्चाला हात घाला.

गाडी बाहेर काढताना बंपरला साखळी लावून ट्रॅक्टरनं ओढायचं नाही. ड्रमला ब्रेकशू गंजून चिकटलेले असतात, चाक फिरत नाही आणि सगळा जोर सडलेल्या पत्र्यावर येतो. एकेक चाक जॅकवर घ्या, खाली फळ्या सरकवा, ब्रेकचे अॅडजस्टर ढिले करा, ड्रमला लाकडी हातोड्यानं गोल गोल ठोकत जा. गिअर आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) दोन्ही न्यूट्रलला ठेवा. मग साखळी चासीला बांधून सावकाश ओढा. सीटखाली हात घालण्याआधी सर्पमित्राला बोलवा. आमच्या सीटखाली कात सापडली होती.

आता इंजिन. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, ड्रायव्हर इंजिनाच्या मागं नाही, त्याच्या शेजारीच पुढं बसतो. मूळची विलीस कंपनीची, ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी आखलेली, अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आलेली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जेमतेम ८१ इंच, म्हणून इंजिन केबिनमध्येच, दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली. ते २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन वेगळ्या घडणीचं आहे. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. नुसतं वरचं झाकण उघडून रॉकर बघितले तर निम्मेच व्हॉल्व्ह कळतात, बाजूचं झाकणही काढावं लागतं.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि डिझेल निम्मं-निम्मं, दोन-दोन चमचे ओता. हेच मिश्रण व्हॉल्व्हच्या दांड्यांवर थेंब थेंब सोडा. रोज थोडं घालत आठ-दहा दिवस जाऊ द्या. मग क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून हातानं हलवा. थोडं पुढं, थोडं मागं, पुन्हा पुढं. पान्याला पाइप लावून जोर करायचा मोह आवरा. आमचं इंजिन अकराव्या दिवशी सुटलं. तो सुईएवढा हिसका हाताला जाणवतो आणि डोळ्यांत पाणी येतं, खरंच येतं.

सुटलं तरी हेड काढाच, बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, डोळ्यांनी बघा. इथं एक खोच आहे. हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, त्याच्या तोंडात लपलेला असतो. बाकीचे सगळे काढले, हेड हलत नाही, म्हणून लोक पहार घालतात आणि हेड फोडतात. कार्बोरेटर उतरवा, आत टॉर्च मारून बघा, बोल्ट दिसेल. मूळ बोअरचा व्यास ३.१२५ इंच. गंजाची नखाला लागणारी कड राहिली असेल तर बोअरिंगला द्या आणि आधी ओव्हरसाइज पिस्टन मिळतात का ते बघूनच माप सांगा. जोडताना थंड इंजिनाला टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीपाशी सोडायची, फट इनलेटला ०.०१८ आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३०. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. हे आकडे मी केबिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवलेत.

गंजासाठी ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना एक सोय आहे, ती म्हणजे मळी. जनावरांच्या खाद्यात घालतात तीच. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात कालवा. बिजागऱ्या, पेडल, कुलपं, ब्रॅकेट, ब्रेकड्रम त्यात बुडवून आठ ते पंधरा दिवस विसरा. गंज काळ्या चिखलासारखा सुटतो आणि खालचं चांगलं लोखंड शाबूत राहतं, ग्राइंडरनं ते राहत नाही. पिंपाला आंबूस वास सुटतो, वर जाळी बांधा, नाहीतर म्हशी तोंड घालतात. अॅल्युमिनियम किंवा जस्ताचा तुकडा मात्र यात कधीच टाकू नका. कार्बोरेटर आणि पेट्रोल पंप मळी खाऊन टाकते. बाहेर काढलेला भाग धुतल्यावर लगेच कोरडा करून त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. रात्रभर ठेवलात तर सकाळी पुन्हा तांबूस झालेला असतो.

पत्र्याला दाभण टोचत चला. पायाखालचा फ्लोअर, बॅटरीची जागा, केबिन जिथं चासीवर बसते ते कोपरे. दाभण आत गेला तर तेवढं कापून टाकायचं. भोकावर लांबी (पुट्टी) भरणारा डेंटर स्वस्त पडतो, पण दोन पावसाळ्यांत ती लांबी हातात येते. पुठ्ठ्याचा कित्ता काढा, १८ गेजचा पत्रा कापा, टाके दूरदूर मारत वेल्डिंग करा. सलग वेल्डिंग केलं की पत्रा आमसुलासारखा आकसतो.

पेट्रोलची टाकी वेल्डरकडं तशीच नेऊ नका, रिकामी टाकीच जास्त धोक्याची. रबरी नळ्या सगळ्या नव्या आणि इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, पंपाचा डायफ्रॅमही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगून फाटतं, आणि एफसीत इंजिन तुमच्या मांडीशेजारी असतं. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असतंच, ते जोडत बसू नका, नवं ओढा.

ब्रेकला काटकसर नको. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, पाइप, सगळं नवं घाला. या गाडीत ब्रेकचं एकच सर्किट आहे, कुठंही गळलं की पेडल थेट तळाला जातं. वजनही पुढच्या बाजूला जास्त, हौदा रिकामा असताना मागची चाकं लवकर लॉक होतात. म्हणून पहिली चाचणी सपाट शेतात, पहिल्या गिअरमध्ये, हौद्यात वाळूची चार पोती टाकून घेतली. मामी बांधावर उभ्या होत्या. इंजिन थंड झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा आवळले, कार्बोरेटरखालचा तो एकसुद्धा, आणि मग मामींना शेजारी बसवून गुऱ्हाळापर्यंत नेलं.