इ.स.पू. १४६ वर लिहिताय किंवा व्हिडिओ बनवताय? या चुका टाळा

इ.स.पू. १४६ म्हणजे रोमने एकाच वर्षात दोन मोठी शहरं जमीनदोस्त केली ते साल. एक आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं कार्थेज, आजच्या ट्युनिसजवळ, रोमचं जुनं प्रतिस्पर्धी, जे दोघांमधल्या तिसऱ्या आणि शेवटच्या युद्धात पडलं, आणि दुसरं ग्रीसमधलं कॉरिंथ. यावर हल्ली मराठीतही रील्स, नोट्स, लेख दिसतात आणि ते बघून खरंच बरं वाटतं, पण एकाची चूक दुसरा उचलतो आणि मग तीच सगळीकडे फिरत राहते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी ते मीठ. रोमनांनी कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरलं, पुन्हा गवताचं पातंही उगवू नये म्हणून, हे तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. एकाही प्राचीन लेखकाने हे लिहिलेलं नाही. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार तर रोमन सेनापतीसोबत तिथे हजर होता, आणि नंतर ॲपियन या इतिहासकाराने सगळा वेढा बारीकसारीक तपशिलासकट लिहिला, त्यातही मीठ नाही. ही गोष्ट आधुनिक काळातल्या पुस्तकांत शिरली आणि १९८० च्या दशकात अभ्यासकांनी मूळ पुरावे तपासून ती खोडून काढली. शिवाय ती जमीन रोमला नापीक करायचीच नव्हती, ती त्यांनी सरकारजमा केली आणि पुढे याच भागातल्या धान्यावर रोम शहर जेवत होतं.

मग मीठ काढलं तर तिथे काय लिहायचं? जे झालं ते लिहा, ते मिठापेक्षा कितीतरी भयंकर आहे. ॲपियन सांगतो, बाजारचौकातून बिर्सा टेकडीकडे, म्हणजे बालेकिल्ल्याकडे, तीन रस्ते चढत होते, दोन्ही बाजूंना सहा-सहा मजली घरं, वरून मारा चालू, मग रोमन सैनिकांनी एकेक घर जिंकत, एका छतावरून दुसऱ्या छतावर फळ्या टाकत पुढे सरकायला सुरुवात केली, आणि शेवटी रस्ते मोकळे करायला आग लावली, त्या ढिगाऱ्यात म्हातारी माणसं आणि पोरं जिवंत गाडली गेली. असं सहा दिवस चाललं. मग सुमारे ५० हजार लोक शरण आले आणि त्यांना गुलाम केलं गेलं. याच बिर्साच्या उतारावर उत्खननात त्या काळातली घरं सापडलीत, अंगणं आणि खालच्या पाण्याच्या टाक्यांसकट. पुढे रोमनांनी टेकडीचा माथा सपाट करून तिथे स्वतःचं नवं शहर बांधलं, ती माती उतारावर पडली आणि तिच्याखाली ही घरं टिकली. म्हणजे ‘कार्थेज कायमचं संपलं’ हेही चूकच, ऑगस्टस या पहिल्या रोमन सम्राटाच्या काळात ते पुन्हा उभं राहिलं आणि साम्राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक झालं.

नावांची सरमिसळ तर फारच होते. आधीच्या, दुसऱ्या युद्धातला कार्थेजचा सेनापती हॅनिबल या युद्धात नव्हता, तो इ.स.पू. १८३ च्या आसपासच गेला होता. त्याला झामाच्या लढाईत हरवणारा सिपिओ वेगळा आणि कार्थेज पाडणारा सिपिओ वेगळा. दुसरा, सिपिओ एमिलियानस, हा पहिल्याच्या मुलाने दत्तक घेतलेला, जन्माने एमिलियस पॉलसचा मुलगा, म्हणजे पिडनाच्या लढाईत मॅसिडोनियाच्या राजाला हरवणाऱ्याचा. आणखी एक बारीक गोष्ट, तो १४६ चा कॉन्सल (रोममध्ये दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी, त्यांपैकी एक) नाही. तो १४७ चा. १४६ चे कॉन्सल लेंटुलस आणि मुमियस.

रोमन सेनेटर कॅटोचं ‘कार्थेज नष्ट झालंच पाहिजे’ हे वाक्य टाकायला हरकत नाही, पण आज ज्या ठरावीक लॅटिन शब्दांत ते फिरतं ते प्राचीन लेखनात तसंच्या तसं मिळत नाही, आशय मिळतो. आणि त्याला जळतं कार्थेज बघताना दाखवू नका, तो इ.स.पू. १४९ मध्येच वारला.

आता कारणाबद्दल, कारण इथे लोक फार घाई करतात. ‘कार्थेज पुन्हा बलाढ्य झालं म्हणून युद्ध’ एवढं लिहून मोकळे होतात. शहर श्रीमंत झालं होतं हे खरं, आधीच्या युद्धाची १० हजार टॅलेंट (चांदी मोजायचं वजन) भरपाई ५० वर्षांच्या हप्त्यांनी फेडून झाली होती. पण त्या युद्धानंतरच्या तहात अट होती की रोमच्या परवानगीशिवाय लढायचं नाही, शेजारचा नुमिडियाचा राजा मासिनिसा वर्षानुवर्षं जमीन बळकावत होता, आणि शेवटी कार्थेज त्याच्याशी लढलं, तेच निमित्त झालं. रोमने ३०० ओलीस मागितले, दिले. शस्त्रं मागितली, तीही दिली. मग सांगितलं की शहर सोडा आणि समुद्रापासून ८० स्टेडिया, म्हणजे साधारण १५ किलोमीटर आत जाऊन राहा. बंदरावर जगणाऱ्या लोकांना हे सांगणं म्हणजे मरायलाच सांगणं होतं, तेव्हा कुठे ते लढायला उभे राहिले, आणि दगडफेकी यंत्रांच्या दोरांसाठी बायकांनी आपले केस कापून दिले. हा क्रम गाळलात तर वाचकाला काहीच कळणार नाही.

कॉरिंथ विसरू नका, हे मला कळकळीने सांगायचंय, कारण निम्म्या लेखांत त्याचं नावही नसतं. अकियन संघाने, म्हणजे कॉरिंथ ज्यात होतं त्या ग्रीक शहरांच्या संघाने, रोमशी युद्ध केलं, हरले, आणि मुमियसने शहर लुटून जाळलं, पुरुष मारले, बायकामुलं विकली. पॉलिबियस स्वतः अकियन, त्याने पाहिलं की सैनिक नामांकित चित्रं जमिनीवर टाकून त्यांवर फासे खेळतायत. ज्या माणसाने कार्थेजचा शेवट पाहिला त्यालाच आपल्या माणसांचाही शेवट बघावा लागला. म्हणून ही दोन शहरं वेगळ्या प्रकरणांत टाकली की ते वर्ष हातातून निसटतं. मात्र ‘१४६ ला ग्रीस रोमचा प्रांत झाला’ असं लिहू नका. तेव्हा तिथे मॅसिडोनियाच्या गव्हर्नरची नजर राहिली, अखैया (दक्षिण ग्रीस) हा वेगळा प्रांत इ.स.पू. २७ चा. तसंच ‘अख्खा भूमध्य समुद्र रोमचा झाला’ हेही नको, इजिप्त इ.स.पू. ३० पर्यंत स्वतंत्र राज्य होतं आणि स्पेनमध्ये तेव्हा व्हिरिॲथस हा स्थानिक नेता रोमन फौजांना हरवत होता.

शेवटी हिशोब. इ.स.पू. चे आकडे उतरत जातात, त्यामुळे युद्ध १४९ ला सुरू आणि १४६ ला संपलं, उलट नाही. आणि इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य साल नाही, म्हणून इ.स.पू. पासून इ.स. पर्यंतची वर्षं मोजताना दोन्ही सालांची बेरीज करून एक वजा करायचा. १९८५ मध्ये रोम आणि कार्थेजच्या महापौरांनी प्रतीकात्मक शांतता करारावर सह्या केल्या, त्यावर ‘युद्ध तोवर कायद्याने चालूच होतं’ असं लिहिलेलं दिसतं. तसं नाही, १४६ नंतर तह करायला कार्थेजचं राज्यच उरलं नव्हतं. शहर पडलं त्याला १९८५ मध्ये १४६ अधिक १९८५ वजा १, म्हणजे २१३० वर्षं झाली होती, २१३१ नाही.