कॉफी मेकर साफ करताय? या चुका टाळा

कॉफी थेंबथेंब पडते, मशीन घरघरतं, वाफ फार आणि कॉफी कोमट. अशा वेळी बरेच जण काचेचं भांडं घासून मोकळे होतात. पण दोष भांड्यात नसतो. टाकीतलं पाणी खालच्या धातूच्या बारीक नळीत तापतं आणि वाफेच्या बुडबुड्यांच्या जोरावर वर चढतं. त्या नळीत क्षार बसले की वाट अरुंद होते. नागपुरात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हे क्षार वेगळे दाखवायला नकोत. उन्हाळा संपता संपता कूलरच्या वाळ्यावर जो कडक पांढरा थर चढतो, तोच हा.

मशीनमध्ये घाण दोन प्रकारची असते. क्षार आम्लाने विरघळतात, कॉफीचं तेल खाण्याच्या सोड्याने सुटतं. म्हणून व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतणं ही सगळ्यात मोठी चूक. फेस जोरात येतो, काम होतंय असं वाटतं, पण दोघांचाही गुण तिथेच संपतो. नुसता सोडा टाकीत घालण्यातही अर्थ नाही: क्षार हलत नाहीत, आणि न विरघळलेले कण नळीत अडकतात.

टाकीसाठी ५०० मिली पांढरं व्हिनेगर आणि ५०० मिली पाणी घ्या. किंवा १ लिटर पाण्यात १ सपाट मोठा चमचा लिंबूसत्त्व पूर्ण विरघळवा. आमची पसंती लिंबूसत्त्वाला, कारण मागे वास राहत नाही. आधी कॉफीचा चोथा काढा आणि टाकीत कोळशाचा फिल्टर असेल तर तोही. मशीन सुरू करा, अर्धं पाणी खाली आलं की बंद करा आणि ३० मिनिटं तसंच ठेवा. खरं काम या अर्ध्या तासात होतं, आणि घाईत नेमकं हेच गाळलं जातं. मग उरलेलं पाणी काढून साध्या पाण्याच्या २-३ टाक्या फिरवा. मात्र रात्रभर आम्ल भरून ठेवू नका. नळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, ती खराब होते.

घरात संत्री आहेत म्हणून त्यांचा रस टाकीत घालू नका. त्यात आम्ल जेमतेम १ टक्क्याच्या आसपास, साखर त्याच्या कितीतरी पट. ती तापलेल्या नळीत चिकटते. लिंबाचा रस चालतो, पण दोनदा गाळून. नाहीतर गर अडकतो.

सफाईनंतर धार आणखीच मंदावली तर घाबरू नका. क्षारांच्या सुटलेल्या खपल्या वरच्या, कॉफीवर पाणी सोडणाऱ्या छिद्रांत अडकतात. प्लग काढा, मशीन थंड होऊ द्या, टूथपिकने छिद्रं मोकळी करा आणि पुन्हा एकदा आम्लाचं पाणी फिरवा. टाकीत नुसते बुडबुडे येऊन पाणी वर चढतच नसेल, तर तळाच्या झडपेत खडा असण्याची शक्यता जास्त.

भांडं आणि फिल्टरची टोपली यांसाठी मात्र सोडाच: १ लिटर गरम पाण्यात २ चमचे, १५ मिनिटं. गरम काचेवर थंड पाणी ओतू नका, तडकते. ॲल्युमिनियमच्या मोका पॉटला (गॅसवर कॉफी करायच्या भांड्याला) सोडा लावू नका, तो काळा पडतो. एस्प्रेसो मशीनमध्ये व्हिनेगर घालण्याआधी माहितीपुस्तिका बघा, रबरी वॉशर बिघडू शकतात. आणि व्हिनेगरसोबत ब्लीच कधीच नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

बोअरचं पाणी असेल तर ही सफाई महिन्यातून एकदा करा, नळाचं असेल तर दोन-तीन महिन्यांनी.