मुरुमांवर नैसर्गिक उपाय सुरू करण्याआधीची तयारी

मुरूम आला की आधी खरेदी होते आणि विचार मागाहून येतो. एक लेप, एक तेल, एक फेसवॉश, शिवाय कुणी तरी सुचवलेली गोळी, आणि सगळं एकाच आठवड्यात सुरू. एक ना धड भाराभर चिंध्या. पंधरा दिवसांनी चेहरा लाल होतो, पण तो नेमका कशाने झाला हे सांगता येत नाही. म्हणून या यादीचा क्रम मी उलटा ठेवलाय. आधी काही गोष्टी काढून टाका, मग नोंद सुरू करा आणि सगळ्यात शेवटी एकच उपाय घरात आणा.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा आणि सलग 12 आठवडे मोकळे आहेत का ते बघा. मोकळे म्हणजे या काळात महत्त्वाचा समारंभ नको, लांबचा प्रवास नको, परीक्षेची जागरणं नकोत. एवढा वेळ लागतो, कारण आज हनुवटीवर दिसणारा मुरूम आज तयार झालेला नसतो. केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींमधून तेल पाझरतं, त्यात रंध्राच्या आतल्या मृत पेशी चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. हे बूच सुरुवातीला डोळ्यांना दिसतही नाही. पुढे त्या कोंडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, मग सूज, लाली, पू. ही सगळी वाटचाल काही आठवड्यांची असते. आज लावलेलं औषध पुढच्या महिन्यातले मुरूम रोखत असतं, त्यामुळे चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून बाटली बदलणं व्यर्थ आहे. समारंभ पंधरा दिवसांवर असेल तर आत्ता काहीही नवीन सुरू करू नका.

आता चेहऱ्याला लावायच्या वस्तूंचा कप्पा रिकामा करा. लिंबू पहिलं बाहेर. त्वचेचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5 च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा 2 च्या जवळ. शिवाय लिंबू लावून उन्हात गेलात तर त्यातल्या काही घटकांमुळे त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. खायचा सोडा दुसऱ्या टोकाला, अल्कधर्मी. टूथपेस्ट मुरूम वाळवते असं वाटतं, पण ती दातांसाठी बनवलेली आहे आणि चेहऱ्यावर तिने जळजळ होते. खरखरीत स्क्रबही नको. ब्लॅकहेडमधला काळेपणा मळाचा नसतो. रंध्राचं तोंड उघडं असल्याने आतल्या ऐवजाचा हवेशी संबंध येतो आणि तो काळा पडतो. घासून तो जात नाही, सूज मात्र वाढते. खोबरेल तेल नैसर्गिक आहे हे खरं, पण ते रंध्रं बुजवू शकतं, म्हणून मुरुमांच्या चेहऱ्यावर नकोच.

एक वस्तू मात्र परस्पर फेकू नका. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी म्हणून वापरलेल्या क्रीमवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही लिहिलं आहे का बघा. ही स्टेरॉइडं आहेत. चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्याने त्यांच्यामुळेच मुरूम येतात आणि एकदम बंद केल्यास चेहरा भडकतो. अशी ट्यूब सापडली तर पुढची सगळी तयारी थांबवून आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बिननावाच्या, कुणी तरी घरी कालवून दिलेल्या क्रीमच्या डबीबद्दलही हेच.

कप्पा रिकामा झाला की फोटो काढा. समोरून, डावीकडून, उजवीकडून. सकाळी तोंड धुतल्यावर, एकाच खिडकीपाशी, फिल्टर न लावता. पुढे दर आठवड्याला त्याच वारी तेच तीन फोटो. आरशाची साक्ष धरू नये, मुरूम आलेल्या दिवशी आरसा सगळा चेहराच बिघडलेला दाखवतो. सोबत एक वही ठेवा. तिच्यात रोज ओळभर पुरे: नवीन मुरूम किती, कुठे, झोप कशी झाली, आणि मासिक पाळी येत असेल तर तिची तारीख. पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढणारे मुरूम या वहीतच पहिल्यांदा नीट कळतात.

रोजच्या वापराला तीनच वस्तू लागतात. सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. अंगाच्या साबणाचा सामू बऱ्याचदा 9-10 असतो, त्याने चेहरा चरचरीत कोरडा होतो आणि लोक त्यालाच स्वच्छ समजतात. तोंड दिवसातून दोनदा धुवा, फार घाम आला तर आणखी एकदा. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, असं विचारणाऱ्यांना सांगतो की पुढचा प्रत्येक उपाय त्वचा थोडीफार कोरडी करणार आहे, आणि कोरडी, सोललेली त्वचा कोणताच उपाय बारा आठवडे सोसत नाही. वेष्टनावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं असावं. तो शब्द म्हणजे हमी नव्हे, निवड थोडी सोपी होते इतकंच. सनस्क्रीन डागांसाठी हवं. मुरूम बसल्यावर मागे राहणारा तपकिरी डाग उन्हात आणखी गडद होतो, आणि सावळ्या त्वचेवर तो महिनोन्महिने टिकतो. पहिले दोन आठवडे या तीन वस्तूंवरच काढा. काहींचा चेहरा एवढ्यानेच निवळतो.

त्यानंतर एक नैसर्गिक उपाय. एकच. माझा कौल टी ट्री ऑइलला, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांतून काढलेल्या तेलाला आहे, कारण त्याची बाजू इतरांपेक्षा भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात 1990 साली 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री जेल आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरुमांवरचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण त्रास कमी झाला. यातला 5 टक्के हा आकडा लक्षात ठेवा. बाटलीतलं शुद्ध तेल थेट लावलं तर चेहरा पोळतो. घरी थेंब मोजून पातळ करण्याऐवजी तयार 5 टक्के जेल घ्या, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. उजेड आणि हवा लागून हे तेल बिघडतं आणि बिघडलेल्या तेलाने ॲलर्जीची शक्यता वाढते. म्हणून गडद बाटली, घट्ट झाकण, आणि उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहिलेली. ते पोटात घ्यायचं नाही. मुलं आणि पाळीव प्राणी यांच्यापासून लांब ठेवा.

कोरफड चेहऱ्याला थंडावा देते, तेवढ्यासाठी जरूर वापरा. मुरूम बरे करण्याची अपेक्षा तिच्याकडून नको. ताजं पान कापलंत तर ते काही वेळ उभं धरून ठेवा. सालीलगत पिवळट, कडवट चीक निथळतो. त्याने त्वचेला खाज सुटते, म्हणून तो धुऊन मगच आतला पारदर्शक गर काढा. मधाबद्दल माझी निराशा झाली आहे. जखमांवर तो उपयोगी पडतो, पण न्यूझीलंडमध्ये 136 जणांवर कानुका (तिथल्या एका झाडाच्या फुलांच्या) मधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले, आणि नुसत्या जंतुनाशक साबणापेक्षा मध-साबण जोडीने ठळक फायदा दिसला नाही. चिकटपणा मात्र भरपूर.

निवडलेला उपाय थेट चेहऱ्यावर आणू नका. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढी जागा ठरवा, दिवसातून दोनदा तिथे लावा आणि सात ते दहा दिवस बघा. लाली, खाज, पुरळ उठली तर तो उपाय तुमच्यासाठी नाही. एकदाच लावून दुसऱ्या दिवशी निर्धास्त होणं चुकीचं, ॲलर्जी कधी कधी उशिरा उगवते.

आहाराची तयारी स्वयंपाकघरात करायची, पण माझं मत असं की ती पहिल्या फेरीत नको. जेल आणि जेवण एकाच दिवशी बदललं तर श्रेय कुणाला द्यायचं? ज्यांना चेहऱ्याला काहीच लावायचं नाही त्यांनी मात्र आहारापासूनच सुरुवात करावी. त्यामागचं कारण समजून घेतलं तर पथ्य सोपं जातं. साखर आणि मैद्याचे पदार्थ रक्तातली साखर झपाट्याने वाढवतात, तिच्यामागे इन्सुलिन वाढतं, त्याच्यासोबत आयजीएफ-1 हे संप्रेरकही, आणि दोघं मिळून तैलग्रंथींना कामाला लावतात. मेलबर्नमध्ये 15 ते 25 वयाच्या 43 तरुणांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. साखर हळू वाढवणारा आहार घेणाऱ्या गटात मुरूम जास्त कमी झाले. पण त्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय ताटाला देता येत नाही. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या साधारण 1200 लोकांना तपासलं तेव्हा एकालाही मुरूम सापडले नाहीत, हे 2002 मध्ये नोंदलं गेलं. त्यांच्या खाण्यात प्रक्रिया केलेले पदार्थ जवळपास नव्हते. अर्थात त्यांचं आनुवंशिक वाण आणि जगणंही वेगळं.

चॉकलेटवरचा वाद जुना आहे. 1969 च्या एका अभ्यासाने चॉकलेटला निर्दोष ठरवलं, पण तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि चरबी तेवढीच होती. असा निकाल कोण मानणार? दुधाचं पारडं जरा वेगळं. काही मोठ्या पाहण्यांमध्ये दूध आणि मुरूम यांचं नातं दिसलं, साय काढलेल्या दुधाशी तर जास्तच. मात्र नातं दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे. व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी व्हे प्रोटीनच्या (दुधातल्याच प्रथिनांच्या पुडीच्या) डब्याकडे आधी बघावं, तो सुरू केल्यावर मुरूम उसळल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

म्हणून तयारी इतकीच: गोड पेयं घरात आणणं थांबवा, पांढऱ्या ब्रेडच्या जागी अख्ख्या धान्याचं काही ठेवा, डाळी, कडधान्यं आणि भाज्या हाताशी असू द्या. दूध बंद करून बघायचं असेल तर कॅल्शियम दुसरीकडून कुठून येणार ते आधी ठरवा, वाढत्या वयात तर नक्कीच. प्रत्येक घासाला मुरुमाची भीती वाटू लागली तर पथ्य तिथेच सोडा. वहीत जेवणाची नोंद हवी, गुन्ह्यांची नको.

गोळ्यांचा खणही तपासा. बी-12 च्या मोठ्या मात्रेने काहींना मुरूम येतात. जस्ताचा (झिंकचा) थोडा उपयोग होतो, पण रिकाम्या पोटी मळमळतं आणि जास्त मात्रा दीर्घकाळ घेतल्यास शरीरातलं तांबं घटतं. प्रौढांसाठी दिवसाला 40 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा, खाण्यातलं जस्त धरून. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या नकोत, गर्भाला धोका असतो.

उशीच्या दोन-तीन खोळी जास्तीच्या काढून ठेवा. केसांना तेल लावत असाल तर ते कपाळावर उतरू देऊ नका. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासत असेल तर तो पुसत चला.

आता हातांचा बंदोबस्त. पिकलेला, पांढरं तोंड आलेला मुरूम दिसला की बोटं शिवशिवतात. दाबल्यावर पू वर जितका येतो, तितकाच आतही फुटतो. रंध्राची भिंत फाटते, सूज खोल उतरते आणि खपलीखाली खड्डा पडतो. त्यासाठी हायड्रोकोलॉइडच्या गोल पट्ट्या आणून ठेवा. मुरुमावर रात्री चिकटवल्या की त्या द्रव शोषतात आणि, मुख्य म्हणजे, बोटाला अडवतात.

आणि डॉक्टरांचा नंबर आधीच शोधून ठेवा. खोल, दुखऱ्या गाठी, पडू लागलेले खड्डे, अनियमित पाळीसोबत चेहऱ्यावर वाढणारे राठ केस, प्रौढ वयात अचानक उसळलेले मुरूम, किंवा मुरुमांपायी घराबाहेर पडणं नकोसं होणं, यातलं काहीही असेल तर 12 आठवडे वाट पाहू नका. कपाळावर आणि छातीवर एकाच मापाचे, खाजरे, बारीक पुरळ असतील तर ते मुरूम नसून बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि त्याचं औषध वेगळं असतं. जाताना वही, फोटो आणि आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा. तोंडी सांगितलेल्या नावांपेक्षा ट्यूबवरची बारीक अक्षरं डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतात.