चिखल, ट्रेल की जंप? एटीव्ही घ्यायच्या आधी हे ठरवा

सगळ्यात आधी एक गोष्ट सरळ सांगतो, चिखलात घालायची, डोंगरातल्या ट्रेलवर फिरवायची आणि जंपवरून उडवायची, ही तिन्ही कामं मनासारखी करणारी एक एटीव्ही (जाड टायरांची, हँडलने चालवायची चारचाकी) मिळत नाही. सेल्समन म्हणेल होऊन जाईल सर, पण होत नाही. दोन कामं बऱ्यापैकी होतात, तिसऱ्यात गाडी तरी तुटते नाहीतर माणूस तरी. हे मी इकडे अमेरिकेत गाडी घेणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितोय, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नागावच्या बीचवर भाड्याची छोटी एटीव्ही चालवलेली असते आणि तेवढ्या अनुभवावर इथे शोरूममध्ये जाऊन थेट ७०० सीसीला हात घालतात.

सीसी बघून गाडी निवडू नका. यामाहाचंच बघा, रॅप्टर ७०० आर आणि ग्रिझली, दोघींचं इंजिन ६८६ सीसीचं, सिंगल सिलिंडर. पण रॅप्टर पेट्रोल-ऑइल भरून १९० किलोच्या आसपास, फक्त मागची चाकं ओढणारी, चेन, पायाने बदलायचे पाच गिअर. ग्रिझली ३०० किलोच्या वर, फोर व्हील ड्राइव्ह, डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं लॉक), बेल्टवाली ऑटोमॅटिक. पहिली स्पोर्ट क्वाड, म्हणजे वेगासाठी आणि उडवायला, दुसरी युटिलिटी, म्हणजे सामान आणि कामासाठी. आधी या दोन जातींपैकी कुठली हे ठरतं, ब्रँड आणि मॉडेल नंतर.

आता जंप. खूप जण स्पेसिफिकेशन वाचून म्हणतात की पोलॅरिस स्पोर्ट्समन ५७० चं मागचं सस्पेन्शन ट्रॅव्हल (चाक वरखाली किती हलतं ते अंतर) साडेनऊ इंच आहे आणि यामाहाच्याच वायएफझी ४५० आर या स्पोर्ट क्वाडचं ११ इंच, मग फरक दीडच इंचाचा की. पण स्पोर्ट्समनचं वजन तीनशेच्या पुढे आणि तिचं सस्पेन्शन रॅकवर सामान लादून हळू चालायला सेट केलेलं असतं, तर वायएफझी मोटोक्रॉस ट्रॅकसाठीच बनवलेली आहे आणि १८५ किलोच्या आत बसते. शिवाय हवेत असताना थ्रॉटल थोडा जरी उघडा राहिला तरी चाकं जोरात फिरतात आणि जमिनीला टेकली की एकदम अडतात, तो सगळा झटका युटिलिटी गाडीत बेल्ट, हाफ शाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) आणि त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटवर जातो. एखादी छोटी उडी सहन करेल, पण दर शनिवारी उडवलीत तर सीव्ही जॉइंट बोलायला लागणारच. आणि ३०० किलोची गाडी अंगावर आली तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

त्यामुळे उडवायचीच असेल तर स्पोर्ट क्वाड, याला पर्याय नाही. ट्रॅकवरच जाणार असाल तर वायएफझी, पण तिला रिव्हर्स नाही, अरुंद ट्रेलवर समोर झाड आडवं पडलेलं असेल तर उतरून मागे ओढावी लागते. रॅप्टरला रिव्हर्स आहे म्हणून ट्रेल जास्त आणि जंप कमी असेल तर मी रॅप्टर म्हणेन. अगदी नवीन असाल तर होंडाची टीआरएक्स २५० एक्स बघा, २२९ सीसी, आणि तिचा क्लच असा आहे की गिअर टाकून लिव्हर सोडताना चुकलात तरी गाडी बंद पडत नाही. घेतल्या दिवशीच नर्फ बार (पुढच्या-मागच्या चाकांमधले, पायाखाली जाळी असलेले बाजूचे पाइप) लावून घ्या. पाय फूटपेगवरून निसटला तर मागचं चाक थेट पायावर येतं, नर्फ बारची जाळी ते अडवते. हेल्मेट, गॉगल, घोट्याच्या वर येणारे बूट आणि मनगटाला बांधायचा किल स्विच (पडलात की इंजिन बंद करणारा), याशिवाय जंपकडे बघूही नका. सुरुवात टेबलटॉपवर, म्हणजे वरून सपाट असलेल्या उंचवट्यावर करा, उडी कमी पडली तरी खाली सपाट माती असते, डबल जंपमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या उंचवट्यांच्या उडीत, मधल्या खड्ड्यात नाक आपटतं.

चिखलाचं गणित एकदम उलटं. इथे वेग नाही, पकड आणि पाणी बाहेर ठेवणं महत्त्वाचं. डिफ लॉक नसेल तर जे चाक हवेत किंवा गाऱ्यात मोकळं फिरतंय तेच फिरत राहतं आणि दुसरं ढिम्म, म्हणून फोर व्हील ड्राइव्ह लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका, पुढचा डिफ लॉक होतो का किंवा पुढची दोन्ही चाकं खरंच ओढतात का ते विचारा. दुसरं म्हणजे बेल्ट. बेल्टला थंड ठेवायला बाहेरची हवा आत घेतात, ते तोंड खाली असेल तर पाणी तिथूनच शिरतं, बेल्ट ओला झाला की घसरतो, इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मग न्यूट्रलमध्ये टाकून बेल्टच्या कव्हरचा ड्रेन प्लग काढून पाणी सोडायचं आणि रेस देत वाळवायचं, तेही भर चिखलात उभं राहून. म्हणून कॅन-ॲमच्या आउटलँडर एक्स एमआर सारख्या खास चिखलाच्या गाड्यांत स्नॉर्कल (हवा उंचावरून आत घेणारे पाइप) कंपनीतूनच येतात आणि रेडिएटर वर घेतलेला असतो, नाहीतर चिखल जाळीत बसतो आणि इंजिन तापतं. पण एक्स एमआर १००० आर ४०० किलोच्या पुढची गाडी आहे, रोज तासभर दलदलीत घालायची असेल तरच घ्या.

नुसते अधूनमधून ओढे आणि चिखलाचे पट्टे लागणार असतील तर होंडाची रँचर मला फार आवडते, कारण तिच्यात बेल्टच नाही, गिअरबॉक्स आहे. अर्थात हवेच्या फिल्टरपर्यंत पाणी पोचलं तर तीही बंद पडणारच.

टायर मोठे लावायचा मोह सगळ्यांना होतो. खोल गुठळ्यांचे ३० इंची टायर चिखल खरोखर कापतात, पण मूळ २५-२६ इंचाच्या गाडीला लावले तर बेल्ट आणि ॲक्सलवरचा ताण वाढतो, क्लचच्या स्प्रिंग आणि वजनं बदलावी लागतात, आणि कडक ट्रेलवर हँडल दिवसभर थरथरतं. त्यापेक्षा आधी विंच (अडकलेली गाडी केबलने ओढून काढणारी मोटर) घ्या. झाडाला केबल थेट गुंडाळू नका, रुंद पट्टा वापरा, झाड सोललं जात नाही.

ट्रेलसाठी सगळ्यात आधी रुंदी मोजा. इथल्या सरकारी जंगलातल्या बऱ्याच ट्रेलवर ५० इंचांपर्यंतच्याच गाड्या चालतात, त्यामुळे त्याहून रुंद साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायची, स्टिअरिंगवाली गाडी) घेऊन गेलात तर गेटवरूनच परत. वेस्ट व्हर्जिनियातल्या हॅटफिल्ड-मकॉय ट्रेल्सवर हेल्मेट आणि परमिट दोन्ही लागतं, आणि हिरव्या, निळ्या, काळ्या खुणांवरून रस्ता किती अवघड ते कळतं, नवीन माणसाने हिरव्यावरच राहावं. ट्रेलला पॉवर स्टिअरिंगला पैसे जरूर घाला, दगडावर चाक आपटलं की हँडलचा हिसका मनगटात येतो तो खूप कमी होतो. उतारावर इंजिन ब्रेकिंग कसं आहे तेही चालवून बघा. आणि सीट लांब आहे म्हणून मागे बायकोला किंवा मुलाला बसवू नका, ती लांबी वळताना अंग सरकवायला असते. दोघांसाठी आउटलँडर मॅक्ससारखी वेगळी मॉडेल्स आहेत. ९० सीसीच्या वरची मोठ्यांची एटीव्ही १६ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, मुलगा उंच असला तरी नाही.

जुनी घेत असाल तर धुऊन चकाचक केलेल्या गाडीवर भुलू नका. एअरबॉक्सचं (हवेच्या फिल्टरच्या डब्याचं) झाकण उघडा, आत वाळलेल्या गाळाची रेघ दिसली तर पाणी तिथवर चढलेलं आहे. डिपस्टिक काढा, ऑइल दुधाळ दिसलं तर तिथूनच परत फिरा. मागची बाजू जॅकवर उचलून चाक दोन्ही हातांनी वरखाली हलवा, खटखट झाली तर बेअरिंग गेलं. सीव्ही जॉइंटवरची रबरी कव्हरं फाटलीत का, पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडाजवळ फ्रेमला तडा किंवा नवीन वेल्डिंग आहे का ते टॉर्च लावून बघा, विशेषतः स्पोर्ट क्वाडला, कारण जंप खाल्लेल्या गाडीची पहिली खूण तिथेच दिसते. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर गार होईपर्यंत थांबा आणि मग स्टार्ट मारायला सांगा. फ्रेमवरचा नंबर आणि टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि टायरचं प्रेशर कारच्या गेजने मोजू नका. एटीव्हीला साधारण ७ पीएसआय किंवा त्याहूनही कमी लागतं, तिथे कारचं गेज नीट दाखवतच नाही, लो प्रेशर गेज वेगळं मिळतं ते घ्या आणि निघायच्या आधी टायर गार असताना चारही बघून घ्या.