कॅलिफोर्नियात नवीन आलात? विल आधी, घर घेतलं की लिव्हिंग ट्रस्ट

भाड्याने राहत असाल तर ट्रस्टच्या (म्हणजे जिवंतपणीच मालमत्ता ट्रस्टच्या नावावर करून ठेवायची व्यवस्था) मागे लागू नका, साधं विल सहसा पुरतं. मुलं लहान असतील तर मात्र ते याच महिन्यात करा, कारण गार्डियनचं, म्हणजे आई-वडील दोघंही गेले तर मुलांना सांभाळणाऱ्याचं, नाव विलमध्ये लिहितात, ट्रस्टने ते काम होत नाही. आजी-आजोबा पुण्याहून व्हिसा काढून येईपर्यंत मुलं कोणाकडे राहणार? इथल्याच एखाद्या जवळच्या कुटुंबाला विचारून त्यांचं नाव टेम्पररी गार्डियन म्हणून घाला. आपले लोक पहिल्या वर्षी गाडी घेतात, पाचव्या वर्षी घर, पण विलचं नाव काढलं की "अभद्र बोलू नकोस" म्हणतात, मला याचा मनापासून राग येतो.

घर घेतलं की ट्रस्ट करा. घर एकट्याच्या नावावर असेल तर विल असूनही ते सहसा प्रोबेट कोर्टात (मृत्यूनंतर मालमत्ता वारसांच्या नावावर करणारं कोर्ट) जातं आणि तिथे वकिलाची फी कायद्यानेच ठरलेली आहे, पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २. म्हणजे १० लाखांच्या घराला २३,००० डॉलर, आणि एक्झिक्युटरलाही (विल अमलात आणणाऱ्यालाही) तेवढेच घेता येतात. कर्ज वजा करत नाहीत हां, ६ लाख लोन बाकी असलं तरी फी १० लाखांवरच.

माझ्या दादाने ट्रस्ट केला होता. निळा जाडजूड बाइंडर, सह्या, शिक्के, सगळं. मग रिफायनान्सच्या (जुनं गृहकर्ज फेडून नवं घेण्याच्या) वेळी लेंडरने घर ट्रस्टमधून काढून त्याच्या नावावर करायला लावलं, त्या दिवशी मी शेजारी बसले होते, आणि नंतर परत ट्रस्टमध्ये टाकायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. तो गेल्यावर बाइंडर उघडला तर डीडवर (घराच्या मालकीच्या कागदावर) फक्त त्याचं नाव. दीड वर्ष कोर्ट. भाचीच्या कॉलेजच्या पैशांतून फी गेली. म्हणून प्रत्येक रिफायनान्सनंतर काउंटी रेकॉर्डरकडची (मालकीच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसातली) डीडची कॉपी काढा आणि मालकाच्या नावापुढे 'ट्रस्टी', म्हणजे ट्रस्ट सांभाळणारा, असं आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

ऑफिसच्या लाइफ इन्शुरन्सला लग्नाआधी आईचं नाव दिलं असेल तर तेही बघा, विल तिथे चालत नाही.

भारतातल्या फ्लॅटसाठी तिकडचं वेगळं विल करा, सोसायटीतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आणि इथल्या विलमध्ये "आधीची सर्व विल्स रद्द" अशी ओळ असतेच, ती भारतातल्या विललाही रद्द करू शकते, वकिलाला सांगून ती फक्त इथल्या मालमत्तेपुरती करून घ्या.