बदलीवर विदर्भात आलात, वय चाळिशीपुढचं: कपड्यांचं काय करायचं

पुणे, नाशिक, कोल्हापूर नाहीतर कोकणातून बदलीवर इकडे तालुक्याच्या गावी आलेल्या बायकांचं एक गाऱ्हाणं ठरलेलं: "इथे कपडे मिळतच नाहीत." मग दिवाळीला घरी गेलं की सहा-सात ड्रेस बॅगेत कोंबून आणायचे, ते एप्रिलमध्ये पाठीला चिकटले की विदर्भाला नावं ठेवायची. कपडे मिळतात. चाळिशी ओलांडलेल्या अंगाला शोभेल असा कपडा हँगरवर टांगलेला मिळत नाही, एवढंच. इथे कापड घेऊन शिवून घ्यायची पद्धत आहे, आणि पोट, दंड, पाठ बदललेल्या बाईला तीच पद्धत सोयीची. तयार कुर्त्याचा एक्स्ट्रा लार्ज हा लार्जच सगळीकडून सारखा फुगवून केलेला असतो. बाईचं अंग तसं सगळीकडून सारखं वाढत नाही.

आधी कापडाचं. अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, रात्रीसुद्धा भिंती गरम असतात. त्यात पाळी जायच्या वयातल्या अंगातून निघणाऱ्या वाफा. क्रेप, जॉर्जेट, पॉलिस्टर मिसळलेलं 'कॉटन' हे सगळं मार्च ते जून कपाटात ठेवा. कॅम्ब्रिक (घट्ट विणीचं, हलकं सुती कापड), मलमल आणि बारीक सुताची खादी, एवढ्यावर उन्हाळा निघतो. मलमल दिसायला छान, पण आतलं दाखवते, म्हणून अस्तर लागतं, आणि अस्तर आलं की उकाडा आला. रोजच्या कामाला कॅम्ब्रिक बरं. रेयॉन दुकानात हाताला गार लागतो आणि अंगावर छान पडतो म्हणून सगळ्या घेतात. चार-पाच धुण्यांनंतर तोच पोटावर आणि मागे लोंबतो.

भरपूर खळ असलेलं कडक सुती कापड पहिल्या दिवशी दोन इंच जाडी वाढवतं. दोनदा धुऊन मग आरशात बघा.

पांढरी किंवा क्रीम सलवार घेऊ नका. इथली काळी माती जुलैत एकदा काठाला लागली की डाग कायमचा. सलवार-पँट घोट्याच्या वर दोन बोटं ठेवा. पाऊस नसेल तेव्हाही धूळ आहेच.

कापड कुठून? तालुक्याच्या बाजारपेठेत दोन-तीन जुनी कापड दुकानं असतातच. गादीवर बसून पन्नास थान उलगडून दाखवतील, पाणी विचारतील, काही घेतलं नाही तरी तोंड वाकडं करणार नाहीत. हे पुण्याच्या दुकानांतून आलेल्यांना नवीन असतं. उन्हाळ्यात दुपारी मात्र बाजारात शुकशुकाट असतो. सकाळी अकराच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर जा. आठवडी बाजारात कटपीस स्वस्त मिळतो, पण तिथे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजून घ्या. 44 इंच पन्ह्यात गुडघ्याखालपर्यंतचा, पाऊण बाहीचा कुर्ता अडीच मीटरमध्ये बसतो. छाती 42 च्या पुढे असेल तर पावणेतीन घ्या. 36 इंच पन्हा असेल तर तीन मीटरच्या खाली हात लावू नका, नाहीतर बाहीला जोड येतो आणि तो जोड नेमका दंडाच्या जाड भागावर बसतो.

खादीसाठी वर्धा. गोपुरीचं ग्राम सेवा मंडळ आणि 1938 साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय, दोन्हीकडे जा. मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगातली खादी मिळते, तिचे मातकट, निळे, डाळिंबी रंग सावळ्या कातडीवर फार चांगले खुलतात. खादीवर सूट 2 ऑक्टोबरच्या सुमारास लागते, तोवर थांबा. अमरावतीला नागपूर रस्त्यावरचे बिझीलँड-सिटीलँड हे मुळात ठोक व्यापाराचे बाजार. एकेक नग मिळेल का, हे दारातच विचारा, उगाच तासभर निवडत बसू नका. नागपूरला तयार कपड्यांसाठी बर्डी (सीताबर्डी), कापडासाठी गांधीबाग आणि इतवारी. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा भाड्याचं कारण सांगू नका.

आता टेलर. खरं काम इथेच आहे.

बायकांचे कपडे चांगले शिवणाऱ्या ताई बहुतेक घरीच मशीन टाकून बसतात. दारावर पाटी नसते. शोधायची रीत अशी: शाळेत, बँकेत, लग्नात तुमच्याच बांध्याची बाई बघा. तिने हात वर केला की ब्लाऊज वर चढतो का, काखेजवळ आडव्या सुरकुत्या पडतात का, ते पाहा. पडत नसतील तर सरळ विचारा, कोणाकडून शिवता? इकडे कोणी लपवत नाही, उलट घरापर्यंत सोबत येतील.

मापाला जुना ब्लाऊज देऊ नका. तो पाच वर्षांपूर्वीच्या अंगाचा असतो. माप अंगावरून द्या आणि रोज घालता तीच ब्रा घालून जा. छाती, कंबर, सीट ही तीन मापं सगळेच घेतात. तुम्ही आणखी चार मागून घ्या: पोटाचा घेर बेंबीजवळून आणि बसलेलं असताना, दंडाचा घेर हात वाकवून, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर), आणि खांद्यापासून टकाच्या, म्हणजे छातीवरच्या शिवलेल्या चिमटीच्या, टोकापर्यंतची उंची. हे शेवटचं माप वयानुसार खाली उतरतं. ते जुन्याच उंचीवर राहिलं तर कितीही भारी कापड असो, समोर चोच निघते आणि खाली फुगा.

सुती कुर्त्याला छातीवर तीन ते चार इंच ढिलाई, पोटावर चार, दंडावर दोन. बाजूचा कट कमरेपासून सुरू होऊ देऊ नका. तो सीटच्या हाडापाशी सुरू झाला पाहिजे, नाहीतर बसलं की कुर्ता पोटावर फाकतो. बाही कोपराच्या दोन बोटं खाली संपवा. दंडाच्या मध्यावर संपणारी बाही दंड आणखी जाड दाखवते. ब्लाऊजचा मागचा गळा फार खोल घेतला की पाठीवर वळ्या दिसतात, सात इंच पुरे. आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच दाब सोडायला सांगा. पुढच्या वर्षी उसवता येतो.

टेलर विचारेल, "फिटिंग मारून देऊ काय मॅडम? मस्त बसते." नको म्हणा. इथे फिटिंग म्हणजे घट्ट, हे कॉलेजच्या पोरींसाठी आहे. तुम्हाला खांदा बरोबर बसलेला आणि पोटावरून मोकळा पडणारा कपडा हवा. तो खांदा नीट बसवायला लावा; बाकी सगळं त्याच्या मागे येतं.

कापड भिजवूनच द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, म्हणजे अडीच मीटरला दहा सेंटीमीटर सहज गेले. रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी सावलीत वाळवून, हलकी इस्त्री. अस्तरसुद्धा भिजवा. हे विसरतातच. वरचं कापड आटलेलं आणि आतलं रुबियाचं अस्तर कोरं, मग पहिल्या धुण्यात अस्तर ओढतं आणि पुढच्या टकांपाशी कापड गोळा होऊन बसतं. दोष मग टेलरला देतात.

वेळेचं: दिवाळीच्या महिनाभर आधी, तुळशीच्या लग्नानंतर आणि एप्रिल-मेमध्ये टेलरला कापड टाकू नका. जून-जुलैत शाळेचे गणवेश. खेड्यात लाइन गेली की पिकोचं मशीनही बंद. निवांत शिलाई हवी असेल तर ऑगस्ट किंवा फेब्रुवारी.

आणि आता कोसा, म्हणजे इकडचं टसर रेशीम. नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकीचे पैसे इथेच बुडतात, म्हणून नीट वाचा.

भंडारा जिल्ह्यातलं मोहाडी-आंधळगाव, चंद्रपूरकडचं नागभीड, गडचिरोलीतलं आरमोरी, हा कोशाचा पट्टा. करवतकाठी साडी, कोशाचं अंग आणि करवतीच्या दातांसारखा काठ, ही मध्यमवयीन बाईला देवाने दिलेली साडी आहे. रेशीम असून चकाकत नाही, मधाळ रंग चेहऱ्याला उजळवतो, निऱ्या फुगत नाहीत. उंची कमी असेल तर दोन-अडीच इंचांचा काठ घ्या, सहा इंचांचा काठ उंची तोडतो. घेताना पदराचा एक धागा काढून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरगळणारी राख म्हणजे रेशीम. कडक मणी झाला तर प्लास्टिक. खरा विणकर धागा काढू देतो. जो देत नाही त्याच्याकडून उठा.

पण कोशाचं कापड नव्या टेलरला पहिल्यांदा शिवायला देऊ नका. पुन्हा लिहिते, देऊ नका. कोशाची वीण मोकळी असते. ब्लाऊज घट्ट शिवला की पाठीत आणि मुंढ्यावर शिवण सरकते, धागे बाजूला होऊन जाळी दिसायला लागते. मग ढिला करायला उसवावं, तर सुईची भोकं तशीच राहतात. सुती कापडातली भोकं धुण्यात मिटतात, कोशातली मिटत नाहीत. म्हणजे कोशाचा ब्लाऊज एकदाच शिवता येतो. आधी त्याच टेलरकडून त्याच मापाचा साधा सुती ब्लाऊज शिवून घ्या. तो आठ दिवस घाला, दोनदा धुवा, फळ्यावर लिहिताना नाहीतर वरच्या फाइली काढताना कुठे ओढतो ते बघा, मापं दुरुस्त करा. मगच कोसा. त्यालाही भिजवलेलं सुती अस्तर, आणि नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त ढिलाई. साडीतल्या ब्लाऊजपीसचे 80 सेंटीमीटर मोठ्या मापाला आणि कोपरापर्यंतच्या बाहीला पुरत नाहीत, साडी घेतानाच विणकराकडून मीटरभर वेगळं कापड मागा. इस्त्री करताना पाणी शिंपडू नका, डाग पडतात.

बाहेरगावहून आलेल्या बायका इथे एक गंमत करतात: वीस हजारांचा कोसा घेतात आणि परकर बाजारातला, चुण्यांचा, पॉपलीनचा. कमरेवर त्या चुण्यांचा गोल कडा होतो. सहा कळ्यांचा परकर शिवून घ्या, नाडीची पट्टी रुंद ठेवा. शेपवेअर 45 अंशात घालून दाखवणारी अजून कोणी भेटलेली नाही.

रंग. दुकानदार आत पोराला ओरडतो, "काकूंसाठी दाखव रे," आणि तो मरून, चॉकलेटी आणि बॉटल ग्रीनचे गठ्ठे काढतो. हे रंग वाईट नाहीत, पण ऊन लागून रापलेल्या चेहऱ्याला थकवतात. गादीवरून उठा, थान घेऊन दारापर्यंत या, उजेडात हनुवटीखाली धरा. डोळ्यांखालची काळवंडी वाढली तर परत. फिरोजी, आमसुली, हळदीचा पिवळा, जास्वंदी हे मागून घ्या. काकू म्हटल्याचं मनावर घेऊ नका, तीस वर्षांच्या बाईलाही म्हणतात.

ऑनलाइन मागवायचं असेल तर ओढण्या, आतले कपडे आणि पायमोजे मागवा. आतले कपडे तर जरूर, कारण तालुक्याला मोठे कप मिळत नाहीत आणि पुरुष दुकानदारासमोर माप सांगणं जिवावर येतं. उन्हात तोंडाला बांधायचा दुपट्टा मात्र इथलाच घ्या, अडीच मीटरचा, सुती, पांढऱ्याच्या जवळचा.

नवऱ्याचं सोपं. शर्टपीस, पँटपीस, चौकातला टेलर, झालं.

थंडीचं कोणी सांगत नाही. उन्हाळा एवढा तर थंडी काय असणार, असं वाटतं, आणि डिसेंबरात गोंदिया-नागपूरकडे पारा दहाच्या खाली गेला की शाळेत शाल गुंडाळून बसावं लागतं. हिवाळ्यात शहरांतून तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला त्यांची वसाहतच आहे. त्यांच्याकडून समोर बटणांचा, सीटच्या खाली येणारा लांब स्वेटर घ्या. डोक्यातून घालायचा, कमरेला इलास्टिकचा नको, तो पोटावर गोळा होतो. आणि घासाघीस करत बसू नका, त्यांचे भाव बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात.