वाचनालयात मुलांकडून पुस्तक बनवून घ्यायचंय? असं करा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बालविभागात कुणीतरी म्हणतं चला मुलांसाठी काहीतरी घेऊया, आणि शेवटी होते चित्रकला स्पर्धा, तीन नंबर निघतात आणि बाकीची पोरं तोंड पाडून घरी. स्पर्धा वाईट असं नाही, पण ती शाळेत होते, गणपतीतही होते. वाचनालयात यायचं ते पुस्तकांसाठी ना, मग मुलांच्या हातून पुस्तकच बनवून घ्या, आणि मुख्य म्हणजे ते घरी न पाठवता कपाटात ठेवून बाकीच्या मुलांना वाचायला द्या. हे दुसरं केलं नाही तर पहिल्याला फारसा अर्थ नाही, नुसता क्राफ्टचा क्लास होतो.

वेळ संध्याकाळी चारनंतरची ठेवा. सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा लोक असतात, त्यांच्या कानाशी पंधरा पोरांचा गोंगाट म्हणजे दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीकडे तक्रार गेलीच समजा. टेबल-खुर्च्या बाजूला सारून सतरंजी अंथरा, एका वेळी बारा-पंधरापेक्षा जास्त मुलं नकोत, आणि मोठी माणसं किमान दोन.

पहिल्या दिवशी एका कागदाचं आठ पानी पुस्तक घ्या, यात शिवण नाही, डिंक नाही, सहा-सात वर्षांच्या मुलांनाही जमतं. ए-फोर कागद आडवा धरायचा, लांबीच्या दिशेनं मधोमध घडी घालून उघडायचा. मग रुंदीची मधोमध घडी, आणि त्या घडीकडे दोन्ही टोकं आणून अजून दोन घड्या, म्हणजे उघडल्यावर आठ चौकोन दिसतात. आता रुंदीच्या मधल्या घडीवर कागद दुमडा आणि दुमडलेल्या बाजूनं, बरोबर मधल्या आडव्या रेषेवर, पुढच्या घडीपर्यंतच कात्री चालवा. सगळी पोरं इथेच पार टोकापर्यंत कापतात, म्हणून कुठे थांबायचं तिथे आधी पेन्सिलीनं ठिपका काढायला लावा. कागद उघडून परत लांबीत दुमडायचा, दोन्ही टोकं धरून आत ढकलायची, मधली चीर फाकते, वरून बघितलं तर अधिकचं चिन्ह दिसतं, ते एका बाजूला मिटवलं की झालं पुस्तक. लिहायचं ते घड्या घालून झाल्यावर, उघड्या कागदावर लिहिलं तर अर्धी पानं उलटी येतात.

विषय मात्र मोकळा सोडू नका. "काहीही लिहा" म्हटलं की मुलं पेन चावत बसतात. "आमच्या गल्लीतली कुत्री", "आजी भाकरी कशी थापते", "माझा दात पडला" असं काहीतरी द्या. शुद्धलेखन तपासायचा मोह आवरा, निदान त्या दिवशी तरी.

दुसऱ्या वेळी चिकटवायचं काम असेल तर बाजारातल्या गोंदाच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, खळ करा. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं, गार झाली की वापरायची. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकतात, मुलांच्या खळीत ते अजिबात नको, विषारी असतं. त्याच दिवशी संपवा, उरली तर फेकून द्या, नाहीतर झुरळांची दिवाळी.

या खळीवर करायला माझा आवडता प्रकार म्हणजे चित्रकथी. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची ही परंपरा आहे, रामायण-महाभारतातली एकेक चित्र पुढे करत गोष्ट गाऊन सांगायची, सोबत वीणा, टाळ, हुडूक (हातात धरायचं छोटं चर्मवाद्य), आणि चित्रांच्या गठ्ठ्याला म्हणतात पोथी. तिथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री जाहीर झाली होती, तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. तर करायचं असं, बालविभागातली एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा, तिचे आठ-दहा प्रसंग मुलांकडूनच ठरवून घ्या, एकेक प्रसंग एकेकाला वाटून द्या. चित्रं मोठी, ठळक रेघांची, लांबून दिसतील अशी. दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून खळीनं चिकटवा, वजनाखाली रात्रभर दाबून ठेवा (जुने शब्दकोश यासाठी उत्तम!), आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपलं चित्र धरून आपला भाग सांगायचा. जे पोरगं वर्गात तोंड उघडत नाही तेही चित्रामागे लपून बोलतं.

नऊ-दहा वर्षांच्या पुढच्यांना शिवलेली वही शिकवा. चार ए-फोर कागद एकत्र मधोमध दुमडले की सोळा पानं होतात, वर जाड कागदाचं कव्हर. घडीवर तीन भोकं, ती दाभणानं मोठ्यांनीच पाडायची. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मग आतूनच लांब टाका घेऊन खालच्यातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा.

कव्हरसाठी जुने दिवाळी अंक मस्त, पण कात्री लावायच्या आधी ते अंक रीतसर निर्लेखित (म्हणजे वाचनालयाच्या नोंदीतून काढून टाकलेले) झालेत का ते ग्रंथपालांना विचारा. आणि फार जुने असतील तर कापूच नका, दिवाळी अंकांची सुरुवातच 1909 च्या 'मनोरंजन' मासिकापासूनची, कुठल्या गठ्ठ्यात काय निघेल सांगता येत नाही.

तयार पुस्तकं मुख्य दाखल रजिस्टरला (वाचनालयाच्या सगळ्या पुस्तकांच्या नोंदवहीत) घालू नका, तपासणीला आलेला माणूस गोंधळेल. वेगळी शंभर पानी वही करा, त्यात नंबर, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव. आत खिसा चिकटवून कार्ड घाला आणि तीन दिवसांसाठी देवघेव सुरू. देवघेवीच्या टेबलावर आळीपाळीनं मुलांनाच बसवा. तारखेचा शिक्का मारायला मिळतो म्हटल्यावर कुणी गैरहजर राहत नाही. फाटलेली पुस्तकं ज्यानं फाडली त्यानंच खळ लावून दुरुस्त करायची, दंड वगैरे नको.